भंडारदऱ्याची सायकल फेरी 'सोपी' नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भंडारदरा जलाशयाभोवतीच्या सायकल फेरीवर अर्धं पान लेख आला होता. फोटो झकास होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते एका वाक्याबद्दल. 'पन्नासेक किलोमीटरची ही सोपी फेरी, नाश्ता करून निघालात तर जेवायला परत.' हे छापून आल्यापासून त्या पानाची घडी खिशात घालून माझ्या दुकानात येणाऱ्यांची रीघ लागली आहे. प्रत्येकाला तेच समजावून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून पाठवतो.

माझं संगमनेरला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडील तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. आता भाड्याचा धंदा संपला आणि गिअरच्या सायकली आल्या. भंडारदऱ्याच्या बाजूला मी स्वतः सायकलनं जात असतो, आणि तिकडून परत आलेल्या सायकलीही माझ्याकडेच येतात. रिमला आऊट आलेला म्हणजे चाक डुलायला लागलेलं, ब्रेक शू खाऊन लोखंड उघडं पडलेलं, हँगर वाकून डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) स्पोकमध्ये गेलेला. धंद्याच्या हिशेबानं तुमचा लेख माझ्या फायद्याचाच. पण सायकलबरोबर माणूसही मोडून येतो आणि पुन्हा म्हणून पायडल मारत नाही. हे मला परवडत नाही.

मुळात अशा फेरीचा बेत किलोमीटरवर करायचाच नसतो. धरणाजवळचं शेंडी ते तळ्यापलीकडचं घाटघर नकाशात बघितलं तर वाटतं, तळ्याच्या काठाकाठानं तर जायचंय, पाणी सपाट म्हणजे रस्ताही सपाट. तिथंच फसगत आहे. धरणाचं पाणी डोंगराच्या प्रत्येक घळीत आत शिरलेलं असतं. रस्ता त्या घळीत उतरतो, ओढा ओलांडतो आणि पलीकडच्या सोंडेवर चढतो. चढला की लगेच पुढची घळ. दोन गावांच्या उंचीत फरक थोडा, पण मधली चढ-उतार सगळी बेरजेत येते आणि ती बेरीज मोबाइलच्या नकाशावर नुसत्या निळ्या रेघेकडे बघून कळत नाही.

मी काय करतो ते सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट काढतो, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, एकास पन्नास हजार प्रमाणाचा. ती आता त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते, गल्लीतला झेरॉक्सवाला मोठ्या कागदावर छापून देतो. दुकान बंद करायच्या वेळी काउंटरवरचे पाने-पकडी बाजूला सारून ती पसरायची. तपकिरी बारीक रेघा म्हणजे कंटूर, दोन रेघांमध्ये उंचीचा फरक वीस मीटर. पेन्सिलीचं टोक रस्त्यावरून फिरवत न्यायचं आणि वर जाताना कापलेल्या रेघा तेवढ्या मोजायच्या. उताराच्या मोजायच्या नाहीत, कारण उतारावर मिळालेलं कुणी पुढच्या चढाला साठवून ठेवू शकत नाही. जेवढ्या रेघा, गुणिले वीस. दर शंभर मीटर चढाला मी सपाटीचे तीन किलोमीटर जास्तीचे धरतो. हा माझा अडाणी हिशेब आहे, पुस्तकातला नाही. पण गिऱ्हाईकाला तो सांगितला की चेहरा गंभीर होतो, आणि मला तेवढंच हवं असतं.

नंतर प्रश्न येतो चक्राच्या दात्यांचा. लेखात 'कोणतीही सायकल चालेल' असं आहे. आपली साधी काळी सायकल घ्या. पुढचं चक्र ४४ दात्यांचं, मागचं फ्रीव्हील १८ चं, चाक २८ इंची. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढं जाते. सपाटीवर हे फार सुखाचं. पण शंभर मीटरला आठ मीटर उठणारा चढ आला, माणूस सत्तर किलोचा आणि सायकल-सामान पंचवीस किलोचं असलं, तर त्या प्रत्येक फेऱ्याला पायडलवर सरासरी अडतीस किलोच्या आसपास दाब द्यावा लागतो, आणि तोही सतत. उभं राहून दहा-वीस फेरे कुणीही मारील. त्यापुढं गुडघा बोलायला लागतो. उलट, बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या गिअर सायकलीला पुढं सर्वांत लहान २४ आणि मागं सर्वांत मोठं २८ असतं. तिथं एका फेऱ्याला सायकल पावणेदोन मीटरच सरकते आणि दाब बारा-तेरा किलोवर येतो. वेग पायी चालण्याइतका, पण माणूस तासभर बसून चढू शकतो. म्हणून सायकल किती हजारांची हे नंतर बघा, आधी मागचे दाते मोजा.

आणि दोन्ही बाजूंनी स्प्रिंगवाल्या दांडग्या सायकली. पोरांना त्याच आवडतात, कारण दिसायला त्या मोटारसायकलीसारख्या. चढावर पायडल दाबलं की मागची स्प्रिंग बसते आणि बराचसा जोर तिथंच जिरतो, वर लोखंडाचं वजन वेगळं. परवा कॉलेजातला एक मुलगा असली सायकल घेऊन आला. ऑनलाइन मागवलेली, खोक्यातून काढून स्वतःच जोडलेली. पुढचा फोर्क उलटा बसवलेला, ब्रेकची वायर नटात नुसती टेकवलेली. शनिवारी भंडारदऱ्याला जायचं म्हणाला. मी त्याला सांगितलं, बाबा रे, आधी ही घेऊन शेजारच्या अकोले गावी जा आणि परत ये, मग बोलू. रागावून गेला. पण गेला अकोल्याला, परत आला, आणि स्टँडवरची जुनी बिनस्प्रिंगची गिअरवाली किती रुपयांना देता म्हणून विचारायला लागला.

आता रस्त्याकडं वळतो. लेखक मोटारीत सायकल टाकून शेंडीपर्यंत गेले असावेत. त्यात गैर काही नाही, मुंबईच्या लोकांना घोटीवरून बारीमार्गे यायचं असतं. आम्हा संगमनेरकरांना मात्र ही फेरी घरापासून करता येते आणि खरी मजा त्यातच आहे, कारण तुम्ही प्रवरा नदी उलटी चढत जाता. खाली आमच्याकडं ऊस आणि डाळिंब, प्रवरेचे कालवे, आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) कधी सुटणार यावर चहाच्या टपरीवर होणारी भांडणं. वर रतनगडाच्या पोटातून निघणारी तीच नदी. नळाला येणारं पाणी कुठून येतं ते पायानं चढून बघायचं.

संगमनेर ते अकोले हा तुकडा सपाट आणि तसा रटाळ. गळीत हंगामात इथं एकच काळजी घ्यायची. दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. अंधारात त्यांच्या मागं कधी जाऊ नका आणि बाजूनं पुढं काढायचं तर ट्रॅक्टरवाल्याच्या टेपचा आवाज तुमच्या घंटीपेक्षा मोठा असतो हे धरून चाला. अकोल्याच्या पुढं विठ्याचा घाट लागतो. पहिली परीक्षा ती. इथं दम लागून थांबलात तर लाज वाटून घेऊ नका, पण उद्याच्या बेतात मात्र काटछाट करा. घाट संपला की राजूर. राजूरचे पेढे नगर जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहेत. चढ चढून आल्यावर त्यातला एक पेढा आणि वर तांब्याभर पाणी, यापुढं पाकिटातली ती रंगीत पावडर मला फिकी वाटते. (विकतो मात्र मी तीही.)

राजूरच्या पुढं रंधा धबधबा. लोकांचा समज असा की धबधबा म्हणजे पावसाळा. रंध्याचं तसं नाही. तो धरणाच्या खाली प्रवरेवरच आहे, त्यामुळं वरून पाणी सुटलं की भर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही तो कोसळतो, आणि वरून बंद असलं की नुसता खडक. तेव्हा बेत करताना आपल्याच वर्तमानपत्रातली आवर्तनाची बातमी आणि धरणसाठ्याचं कोष्टक वाचायचं. भंडारदऱ्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते भरत येतं. फेरीवर पाणी काठोकाठ बघायचं असेल तर दसरा-दिवाळीचा सुमार धरा. मार्चनंतर जसजसं पाणी उतरतं तसतसा काठाला मातीचा लाल-पिवळा पट्टा रुंद होत जातो आणि फोटोतलं तळं दिसत नाही.

धरणाबद्दल लेखात 'ब्रिटिशकालीन' एवढाच शब्द आहे. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. उंची २७० फूट. सोळा वर्षं दगडावर दगड बसवत बांधलेली ही भिंत आमच्या तालुक्यांची चूल पेटवते. तिच्यासाठी अर्धा परिच्छेद द्यायला हरकत नव्हती. सूर्यास्ताला दोन परिच्छेद दिले आहेत.

मुक्काम शेंडीत करावा आणि फेरी दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू करावी. घरून निघून एका दिवसात फेरी मारून परत, हे करणारे बहाद्दर आहेत. त्यांना माझ्या पत्राची गरज नाही.

आता दिशा. लेखात शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे करत आधी घाटघर आणि मग साम्रद, रतनवाडीवरून परत असं सांगितलं आहे. मी उलटं सांगतो. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, तिथून साम्रद, मग घाटघर आणि उडदावणे-पांजरे-मुरशेतवरून शेंडी. तळं सबंध वेळ उजव्या हाताला राहतं, प्रदक्षिणेसारखं. भाविकपणापेक्षा यात सोय जास्त आहे. कोलटेंभ्यापासून साम्रदपर्यंतचा भाग रानाचा. हिरडा, जांभूळ, कारवी, वर रतनगडाची सावली. रस्ता अरुंद, वळणावर समोरचं दिसत नाही, आणि रतनवाडीच्या पुढचा चढ अंगावर येतो. तो ताज्या पायांनी, सकाळच्या गारव्यात आणि मोटारी सुरू व्हायच्या आधी काढलेला बरा. उत्तरेकडची गावं उघड्यावर आहेत. तिथून परतताना दुपार कलती, ऊन पाठीवर. सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीवरच होतं. म्हणजे दिवसभर डोळ्यांत ऊन नाही. तरी दिवस मावळायच्या बऱ्याच आधी शेंडी गाठायची असा बेत हवा.

वेळ अशी धरा. हिवाळ्यात सातला उजाडल्यावर शेंडी सोडा. नऊ-साडेनऊला रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळचं, काळ्या दगडाचं, बाहेरच्या भिंतीवर नजर ठरत नाही इतकं कोरीव काम. शेजारी पुष्करणी आहे, आतल्या बाजूनं कोनाडे आणि त्यांत मूर्ती. तिथं बसा, बघा. चिखलाची सायकल तिच्या पाण्यानं धुणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो की सायकल बाहेर लावा. गावात आदल्या दिवशी निरोप दिला असेल तर घरगुती जेवण मिळतं. तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. न कळवता पंधरा जणांनी जाऊन 'काय आहे?' विचारू नये. त्या घरच्या बाईनं तेवढं पाणी कुठून आणायचं?

पाण्याचं थोडं विस्तारानं लिहितो, कारण लेखात 'वाटेत पाणी भरपूर' असं म्हटलं आहे. पाणी भरपूर आहे, तळ्यात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये या वाड्यांवर बायका हंडे घेऊन उतरतात आणि चढतात. त्या दिवसांत हापशावर सायकलवाल्यांनी बाटल्या भरून वर डोक्यावर पाणी ओतून घ्यायचं हे बघवत नाही. थंडीत दोन लिटर, उन्हात तीन लिटर शेंडीतूनच घेऊन निघावं. फ्रेमला बाटलीचे दोन स्टँड बसतात, माझ्याकडं नसले तर कुठल्याही दुकानात मिळतील.

साम्रदला दुपारी बारापर्यंत पोचा. सांधणदरीचं नाव ऐकून सायकल टाकून आत उतरायचा मोह होतो. तो स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. पायडलला अडकणाऱ्या क्लीटवाल्या बुटात त्या धोंड्यांवर तर मुळीच नको, आणि पावसाळ्यात ती दरी म्हणजे पाण्याची वाटच असते. पुढं घाटघर. कोकणकड्यावर उभं राहिलं की पायाखाली एकदम शहापूर तालुका. डावी-उजवीकडं कडे आणि जवळच अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. इथं जलविद्युत प्रकल्पाचं वरचं धरण आहे. विजेची मागणी असेल तेव्हा पाणी खाली चोंढे गावाकडं सोडून वीज करायची आणि मागणी नसेल तेव्हा तेच पाणी पंपानं पुन्हा वर घ्यायचं. अडीचशे मेगावॉटचा हा प्रकल्प. उतारावर मिळालेलं साठवता येत नाही असं मी वर लिहिलं खरं, पण सरकारला ते जमलं आहे.

घाटघरला आमच्या जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. संगमनेरला वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तरी आम्ही खूश, आणि त्याच नदीच्या माथ्यावर चार-पाच हजार. जुलै-ऑगस्टचे ते ढग आणि धबधबे बघून लोक वेडे होतात. पण त्या दिवसांत ही फेरी सायकलनं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भिजण्याचं भय नाही. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, समोरून कोकणातला वारा असा येतो की उतारावरही पायडल मारावं लागतं, आणि ओली रिम. कोरड्या रिमवर ब्रेक जिथं धरतो, ओल्यावर त्याच्या कितीतरी पुढं जाऊन धरतो. वर मातकट पाणी रिम आणि रबराच्या मध्ये पॉलिश पेपरचं काम करतं. एका पावसाळी शनिवार-रविवारात नवे ब्रेक शू संपून आलेले मी बदलले आहेत. आणि शेवटचं म्हणजे गाड्या. पावसाळ्यातल्या सुट्टीला त्या अरुंद रस्त्यावर मोटारींची जी रांग लागते, तीत सायकलवाल्याला ना पुढं जाता येतं ना साईडपट्टीवर उतरता येतं, कारण साईडपट्टी वाहून गेलेली असते.

तीच गोष्ट काजव्यांच्या दिवसांची. मेअखेर ते पाऊस जोर धरेपर्यंत तिथल्या झाडांवर काजवे येतात आणि त्यांच्यामागं अख्खी मुंबई-पुणे. रात्री सायकलनं जाऊन काजवे बघावेत अशी सूचना लेखात आहे. सायकलचे आताचे चार्जिंगचे दिवे मोटारीच्या तोंडात मारतील असे असतात. काजव्याचं सगळं बोलणंच उजेडाचं, त्यात तुम्ही दिवा मारलात की नर-मादीची चुकामूक झाली. दिवा न लावता तो रस्ता रात्री चालवता येत नाही. म्हणजे दोन्हीकडून नको. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून. नाक्यावर पावती फाडली म्हणजे रान विकत घेतलं असं होत नाही. हँडलला स्पीकर बांधून गाणी लावत जाणाऱ्यांनाही हेच लागू. शेकरू दिसलं नाही म्हणून परत आल्यावर माझ्याकडं तक्रार करतात. कसं दिसेल?

तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात आणि भाताची कापणी चाललेली असते. कधी कधी रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं दिसेल. त्यावरून चाक घालू नका, उतरून बाजूनं जा. डिसेंबर-जानेवारीत शेंडीला पहाटे बोटं आखडतात, ब्रेक दाबायला हातमोजे लागतात.

बरोबर काय घ्यायचं ते लेखात नाहीच. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच आणि सोल्यूशन, हातपंप, एक ब्रेकची आणि एक गिअरची वायर, अॅलन कीचा जुडगा, चेनची जोडकडी. शेंडीच्या पुढं सायकलचं दुकान नाही आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. पंक्चर इकडं काट्यानं कमी होतं, बाभळीचा काटा आमच्या खालच्या अंगाला. तिकडं हवा कमी ठेवून खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. ट्यूब काढून बघितली तर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, साप डसल्यासारख्या. लोक एकीला पॅच लावतात, दुसरी बघतच नाहीत आणि पुन्हा हवा गेली की दुकानदाराला शिव्या. दोन्ही चिरा झाकेल असा एकच मोठा पॅच लावा, आधी काचपेपरनं घासा, सोल्यूशन लावून ते वाळू द्या. बोटाला चिकटत नाही असं झालं की मगच पॅच दाबा. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबण्याची घाई हेच निम्म्या पंक्चरांचं कारण असतं.

फेरी मोठी करायची हौस असेल तर राजूरहून कोतूळला जाऊन मुळा नदीच्या खोऱ्यातून ब्राह्मणवाडा, बोटा असं बाहेर पडता येतं आणि चंदनापुरी घाटानं संगमनेर गाठता येतं. नकाशावर सुंदर गोल होतो. पण शेवटचा तुकडा पुणे-नाशिक महामार्गाचा आहे आणि थकलेल्या पायांनी कंटेनरच्या शेजारून घाट उतरण्यात मला काही सुख वाटत नाही. गोल पूर्ण झालाच पाहिजे असा हट्ट कशाला? आल्या वाटेनं परत यावं, विठ्याचा घाट आता उताराचा असतो. ब्रेक सलग दाबून धरू नका, दाबा-सोडा, दाबा-सोडा.

लेखाच्या शेवटी मागणी आहे की जलाशयाभोवतीचा रस्ता रुंद करून एका बाजूनं सायकल ट्रॅक करावा. या मागणीला माझा विरोध आहे, आणि सायकलवर पोट असणाऱ्या माणसाचा विरोध आहे हे लक्षात घ्यावं. रस्ता रुंद झाला की पहिली गाडी जोरात जाणार ती मोटार. ट्रॅकवर भज्यांच्या गाड्या लागणार. आणि रुंद करायचा म्हणजे कोलटेंभे-रतनवाडीचं रान कडेनं तोडायचं. सावली गेली तर त्या फेरीत उरलं काय? आहे तोच रस्ता पावसाळा संपल्या संपल्या खड्डे भरून, साईडपट्टी मुरुमानं दाबून आणि वळणांवर आरसे लावून दिला तरी पुष्कळ झालं. शिवाय शेंडीत आणि रतनवाडीत एकेक फलक लावावा. पुढचं गाव किती लांब एवढंच त्यावर नको, चढ किती मीटर तेही हवं. असे फलक लावायला पैसा किती लागणार?

आपल्याकडून अपेक्षा एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, कोपऱ्यात का होईना, 'सोपी' हा शब्द मागे घेतल्याचं छापावं. चढाचं कोष्टक गावागावांप्रमाणे लावून द्यायला मी तयार आहे, टोपोशीट दुकानात टांगलेलीच आहे. लेखकांना यायचं असेल तर सोमवार सोडून कधीही यावं. सायकल घेऊन आले तर ब्रेक बघून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला वाचक,
संगमनेर, जि. अहिल्यानगर